कडुनिंबातला खिळा

विकास नगरच्या आमच्या अंगणातला कडुनिंब आंधीत कोसळला. थंडीत शेकोटीला होतील म्हणून त्याचे ओंडके पाडायला मी एका मशीनवाल्याला बोलावलं. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. हनुवटीवरचा जाड व्रण तेवढा लक्षात आहे.

साखळीची मोटार-करवत खाली ठेवून तो आधी खोडावरून तळहात फिरवत राहिला. "भाईसाहब, इसमें कोई कील तो नहीं? लग गई तो चेन टूटके मुँह पर आती है."

"नहीं," मी म्हणालो. त्याने पुन्हा विचारलं. मी जरा चिडूनच पुन्हा "नहीं" म्हणालो.

"चलती मशीन में पीछे से हाथ मत लगाइएगा. कुछ कहना हो तो सामने आइए."

तो पात्याच्या रेषेत कधीच उभा राहत नव्हता, थोडा बाजूलाच असायचा. चार ओंडके पडले. पाचव्याला पातं टेकलं आणि मला आठवलं. या घरात आलो त्या वर्षी कपड्यांच्या दोरीसाठी मीच तिथे बोटभर खिळा ठोकला होता. सालीने तो केव्हाच गिळला होता.

मी ओरडलो, पण त्या आवाजात मलाच ऐकू आलं नाही. हात त्याच्या खांद्याकडे गेला आणि थिजला. वळसा घालून मी समोर गेलो, दोन्ही हात हलवले. मशीन थांबली.

"कील है. यहीं कहीं." माझं बोट खोडावर नुसतंच भिरभिरत होतं.

तो रागावला नाही. हनुवटीवरचा व्रण चोळत म्हणाला, "उन साहब ने भी नहीं ही कहा था."

मग खडूने दोन रेघा मारून तेवढा तुकडा त्याने वगळला आणि विचारलं, "और कोई?"

'नहीं' ओठांवर आलं होतं. ते गिळून मी खोडावरून तळहात फिरवू लागलो.