वन्संची कानटोपी

जानेवारीचा पहिला रविवार. संध्याकाळी दूध कोमट करून विरजण लावलं. नाशिकच्या थंडीत दही लागायचं तर पातेल्याला पांघरूण हवं. हाताशी वन्संची मरून कानटोपी होती, तीच पातेल्यावर ओढली. त्यांचं कपाट आवरताना मी ती मागून आणली होती. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, भूलतज्ज्ञ. दीड महिन्यापूर्वी दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. जन्मभर दुसऱ्यांना झोपवून परत उठवलं, स्वतःच्या वेळी मात्र उठवायचं विसरल्या... असं त्यांच्यासमोर म्हटलं असतं तर सगळ्यांत आधी त्याच हसल्या असत्या. टोपी त्यांनीच विणलेली, एक कान लांब, एक आखूड. कुणी हसलं तर म्हणायच्या, “टोपी सरळ आहे, तुझं डोकं वाकडं.”

त्या गेल्यावर भेटायला आलेल्या त्यांच्या सर्जनमित्रांनी ह्या टोपीचाच किस्सा काढला. काही वर्षांपूर्वी अशाच थंडीत हे पहाटे अंबडच्या कारखान्यात कामावर निघाले आणि मोटारसायकल घसरून रस्त्याकडेला पडले. कुणी पाहीपर्यंत तिथेच कुडकुडत होते. पोटात प्लीहा फाटलेली. ऑपरेशनला भूल द्यायला वन्संच उभ्या राहिल्या. “प्लीहा काढली, शिरा बांधल्या,” सर्जन सांगत होते, “तरी हात लावावा तिथून रक्त झिरपतंय. मी पुन्हा सुई मागितली, तर ताई म्हणाल्या, ‘शिवणकाम पुरे. आधी एसी बंद कर.’ म्हटलं, ताई, मला घाम येतो. तर म्हणे, ‘येऊ दे. माझा भाऊ बर्फासारखा झालाय.’” मग गरम हवेचं पांघरूण आलं, सलाइन आणि रक्त कोमट करून चढवलं, पोटात कापडाच्या घड्या दाबून सगळे थांबले. वन्संनी स्वतःची कानटोपी ह्यांच्या डोक्यात घातली. अंगात ऊब आली, तसं झिरपणं थांबत गेलं.

मी तेव्हा बाहेर बाकावर होते. वन्सं आल्या, म्हणाल्या, “वाचला. चहा कुठे मिळेल?” चहा पिताना मी म्हटलं, “मला वाटायचं, थंडीनं रक्त उलट लवकर घट्ट होतं.”

“म्हणूनच तुझं दही पातळ होतं! अगं, थंडीत विरजण लागतं का? तसंच हे. गुठळी धरायचं सगळं सामान रक्तात असतं, पण अंग गार पडलं की ते कामालाच लागत नाही.”

शुद्धीवर आल्यावर ह्यांचा पहिला प्रश्न होता, “ही टोपी कुणी घातली?”

“मी घातली,” वन्सं म्हणाल्या. “काढून तर बघ!”

सोमवारी सकाळी टोपी काढून पातेलं तिरकं केलं. दही हललं नाही. हे फिरायला निघाले होते, उघड्या डोक्याने. दारातच थांबवलं, टोपी झटकली आणि त्यांच्या डोक्यात घातली. आखूड बाजूचा कान उघडा राहत होता, तिथे टोपी नीट खाली ओढून घेतली.