अडवणारी भाषा

मुलांच्या रुग्णालयात प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणत, कारण औषध विभागाच्या प्रमुख त्यांच्या सख्ख्या नणंद आणि त्या दिवसभर तीच हाक मारत. वहिनींचा स्वभाव हाडाचा संशयी. नवरा म्हणायचा, हिला बरणीत साखर आहे म्हटलं तरी चाखून बघते.

तीन वर्षं खपून वहिनींनी औषधाचा डोस काढण्यासाठी एक छोटी भाषा घडवली होती. तिच्यात नुसता आकडा चालतच नसे. मिलिग्रॅमचा प्रकार वेगळा, मिलिलिटरचा वेगळा. मॉड्यूलच्या, म्हणजे प्रोग्रामच्या बंद कप्प्याच्या, आत दोन्ही साधे आकडेच, पण बाहेरच्याला ते दिसत नसत. एकातून दुसऱ्यात जायला एकच दार, आणि तिथे आधी बाटलीतल्या औषधाचं प्रमाण सांगावं लागे.

ही भाषा घ्यायची की जुनीच चालू ठेवायची, हे संचालक आज ठरवणार होते. बैठकीला नणंदबाईही होत्या. तुलनेसाठी वहिनींनी एकच हिशेब दोन्ही भाषांत लिहून आणला होता.

त्यांनी बटण दाबलं आणि चालवण्याआधी प्रोग्राम तपासणाऱ्या त्यांच्याच कंपायलरने साफ नकार दिला. जुन्या भाषेने मात्र क्षणात उत्तर दिलं: दहा मिलिलिटर. हिची काही कुरकुर नसते, संचालक म्हणाले आणि उठायलाच निघाले.

वहिनींनी नकाराखालची ओळ वाचली. सतराव्या ओळीत मिलिलिटर हवे होते, आले होते मिलिग्रॅम. बाटलीत दर मिलिलिटरला पाच मिलिग्रॅम औषध. म्हणजे हिशेबातल्या दहा मिलिग्रॅमच्या डोसला दोनच मिलिलिटर पुरे; जुन्या भाषेने दहाचे दहाच धरले होते. वहिनी खुर्चीतून ताडकन उठल्या. स्वतःची चूक सापडल्यावर इतकं खूश झालेलं माणूस त्या खोलीने पाहिलं नसेल.

नणंदबाई दहाच्या आकड्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हे पाचपट आहे," त्या म्हणाल्या. "एवढं दिलं तर मूल हाती लागत नाही."

हा हिशेब कोणी लिहिला, संचालकांनी विचारलं.

"मीच. काल दुपारी घाईत प्रमाण घालायचं राहिलं."

"मग तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

"माझ्यावर ठेवूच नका," वहिनी म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. "मी पुन्हा चुकणार. म्हणून तर ही भाषा केली."

संचालक परत खाली बसले. नणंदबाईंनी त्यांच्या उत्तराची वाट पाहिली नाही. माझ्या विभागात आजपासून हीच भाषा, असं सांगून त्यांनी जुना प्रोग्राम स्वतःच्या हाताने बंद केला.