शनिवारचं गोल्फ

लीड्सजवळच्या एका शेतकऱ्याचं पीक ससे खातात, म्हणून त्याच्या परवानगीने मी दर शनिवारी तिथे एअर रायफलने ससे मारतो. बायको माळकरी घरातली, त्यामुळे घरी बारा वर्षं गोल्फ सांगत आलो. परवा दोन्ही नातींना शेतावर नेलं, रायफल धरायला शिकवलं, त्यांच्यासमोर एक ससा पाडला. परतताना धाकटी म्हणाली, "आजोबा, आजीला गोल्फच सांगायचं ना?"

पोरींना खोटं शिकवणं मला जमेना. दारातच बायकोला सगळं सांगून टाकलं.

"अहो, तुमच्या जाकिटावरचे सशाचे केस इतकी वर्षं मीच झटकतेय," ती म्हणाली. "पुढच्या वेळी पोरींना टोप्या घाला. शेतावर वारा असतो."

त्या दिवशी मी पोटभर जेवलो.