डेरोगेटरी

माझे सासरे इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. लग्न होऊन यवतमाळला आले तेव्हापासून माझ्या तोंडून ‘मले’ निघालं, की हातातला घास तसाच धरून ते सगळ्यांकडे बघत आणि म्हणत, “आला ट्रॅक्टर.” सासूबाई वरण ढवळत राहत, नवरा मोबाइलमध्ये. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण त्या घरात मी मारेगावच्या कापूसवाल्याची पोरगीच होते.

दोन वर्षं गिळलं. मग संक्रांतीला माझे वडील आले. इस्त्रीचा सदरा, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. ते सोफ्यावर टेकणार, तोच सासरे म्हणाले, “थांबा व्याही, पेपर अंथरतो. कव्हरं नवीन आहेत. तुम्हा लोकांना मातीची सवय.”

वडील हसले. पेपर त्यांनी स्वतःच पसरला आणि त्यावर अंग चोरून बसले.

“बाबा, हे डेरोगेटरी आहे,” मी सासऱ्यांना म्हणाले.

सासऱ्यांनी सावकाश चष्मा पुसला. “डिरॉगटरी. जोर ‘रॉ’वर. अर्थ माहीत आहे? माणसाला कमी लेखणारं बोलणं. मी फक्त सोफ्याची काळजी घेतोय.”

“अर्थ तुम्हालेच जास्त माहीत हाय,” माझा तोल सुटला. “जन्मभर पोरांले शिकवला ना? मग माह्या बापाले पेपरवर बसवताना काहून आठवला नाही?”

“जाऊ दे ना बाई, कायले बोलून राह्यली?” वडील कळवळले.

मी त्यांना उठवलं आणि बसस्टँडजवळच्या खानावळीत नेलं. ते भाकरी नुसतीच मोडत राहिले. “तुले तं तिथंच राहाचं हाय,” एवढंच ते म्हणाले.

परतल्यावर सासरे दारातच उभे होते. “माफी माग.”

“कशाची?”

नवरा पहिल्यांदा बोलला, तोही मलाच. “मोठे आहेत, मागून टाक.”

नाही मागितली. पोळा यायच्या आत आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. नवरा आला, पण कित्येक महिने तोंड फुगवून. सणाला जाते, सासूबाईंच्या हाताखाली स्वयंपाक करते. सासरे माझ्याशी बोलत नाहीत, मीही नाही. एका इंग्रजी शब्दापायी सुनेनं घर फोडलं, असं ते नातेवाइकांना सांगतात. सांगू देत. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आता काडीची माया नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.