बायजाचे पैसे मालनच्या मशीनमध्ये

मालन भोईरला शहाडच्या पुढच्या, उल्हास नदीच्या अंगाला असलेल्या चार गावांत कोणी मालन म्हणत नाही. 'बँक' म्हणतात. "बँक आली का गं?" "बँक आंघोळीला गेलेय, बस जरा." तिच्या नवऱ्याला, पंढरीला, एकदा एसटीत कोणीतरी बँकेचे मालक म्हणून जागा करून दिली, तर हा गडी खुशाल ठाण्याच्या खोपट स्टँडपर्यंत बसून गेला. खरं तर मालन बँकेची सखी. म्हणजे पगार नाही, कमिशन. खांद्याला काळी बॅग, बॅगेत अंगठ्याचं मशीन, गळ्यात फोटोवालं कार्ड आणि तोंडाचा पट्टा सकाळपासून चालू. बाईनं मशीनवर अंगठा ठेवायचा, मशीननं ओळखायचं, मग पैसे भरा नाहीतर काढा. कल्याणला जाण्यात दिवस बुडवायला नको की रिक्षावाल्याशी घासाघीस नको.

मालन येण्याआधी या चार गावांची बँक म्हणजे महिपत. बापाची जमीन बिल्डरला विकून आलेला पैसा तो व्याजानं फिरवायचा, महिन्याला शेकडा दहा, वर मंगळसूत्र गहाण. मालननं सव्वीस बायांचा बचतगट बांधला, त्यांची खाती काढली, गटातून एक टक्क्यानं कर्ज द्यायला लावलं आणि दीड वर्षात महिपतच्या कपाटातून नऊ मंगळसूत्रं सोडवून आणली. महिपत तेव्हापासून तिला गोड बोलायला लागला, आणि महिपत गोड बोलला की समजावं, पोटात दुखतंय.

आता बायजा. वय सत्तर, जवानी मिठागरात गेली, म्हातारपण भात लावण्यात, गवत कापण्यात आणि फार्महाउसवाल्यांची भांडी घासण्यात. पैसे तांदळाच्या पिंपात, बिस्किटाच्या डब्यात. मालननं तीन महिने डोकं खाल्लं की आजी, बँकेत ठेव. आजी ढिम्म. शेवटी उंदरानं डब्याचं झाकण सारून दोनशेची नोट खाल्ली, तेव्हा कुठे म्हातारी हलली. पावसाळ्यात तीन आठवडे तापानं अंथरुणात होती, त्यातून उठून आली, अंगठा ठेवला, खातं निघालं. चौदा हजार तीनशे रुपये आत गेले.

फाल्गुनात ती आठ हजार काढायला आली. नातीचं, सोनलचं लग्न दीड महिन्यावर होतं, हळदीला मटण होतं आणि म्हातारीच्या तोंडात दात दोन. कवळी बसवायची होती. तिनं मशीनवर अंगठा ठेवला. आतून एक गोड बाई बोलली, "पुन्हा प्रयत्न करा."

बायजानं पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. अंगठा पदराला पुसला, साबणानं धुतला, लिंबानं घासला, खोबरेल लावलं, तांदळाच्या पिठात बुडवला. दहाही बोटं झाली. पंढरी म्हणाला, पायाचा लावून बघा. आता याचं काय ऐकायचं, पण त्या दिवशी ऐकलं, आणि सत्तर वर्षांची बाई पंढरीच्या खांद्याला धरून एका पायावर उभी राहिली. मशीनमधली बाई काही बधली नाही. बायजानं मशीन तोंडाशी धरलं आणि तिला विचारलं, "किती येला करू परयत्न, बाये? तुला सासू हाय का नाय?"

मालन म्हणाली, "आजी, चल, मी तुला कल्याणच्या शाखेत नेते. पासबुक दाखवू, साहेब काढून देतील."

"मना कल्यान नको. पैसं तुज्या मशीनमधी गेलं, तुज्या मशीनमधूनच येतील."

"अगं, पैसे मशीनमध्ये नसतात."

ही मालनची चूक. असं खातेदाराला कधी सांगू नये. दारात गटाच्या आठ-दहा बाया उभ्या होत्या, त्यांचे चेहरे उतरले. मशीनमध्ये नाहीत, तर मग आहेत कुठे? महिपत नेमका तिथून चालला होता. तो थांबून म्हणाला, "मालन, बँक लय भारी तुझी. उंदरानं दोनशे खाल्ले, मशीननं चौदा हजार." संध्याकाळपर्यंत चारही गावांत एकच बोलणं झालं की बायजाचा पैसा ज्या मशीनमध्ये गेला त्यातून आला नाही, तर आपणही आपापला काढून घ्यायचा. मालनचं दीड वर्षाचं काम म्हातारीच्या अंगठ्याला लटकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायजा अंथरूण डोक्यावर घेऊन मालनच्या दारात हजर. "माजा पैसा हितं रातोय, तं मी पन हितंच रानार," असं म्हणून तिनं मशीनच्या शेल्फाखाली वाकळ पसरली. मालननं कपाळाला हात लावला. घर दोन खोल्यांचं, त्यात पंढरी वागळे इस्टेटच्या कंपनीतून आला की एक खोली एकटाच आडवा होऊन भरतो.

तिनं बँकेच्या साहेबांना, हर्षित साहेबांना, फोन केला. साहेब म्हणाले, "हात झिजलेत त्यांचे. रेषाच उरल्या नाहीत, मशीन तरी काय वाचणार? वीसेक दिवस हातांना पूर्ण आराम द्या, पाण्यात घालू नका, तेल लावा. येतात कधीकधी परत." तेव्हा मालनच्या डोक्यात उजेड पडला. खातं निघालं तेव्हा म्हातारी तापातून उठलेली होती, तीन आठवडे भांडं हातात धरलेलं नव्हतं.

झालं. त्या दिवसापासून बायजाची बडदास्त नवरदेवासारखी सुरू झाली. तिनं तांब्या उचलायचा नाही, केर काढायचा नाही, जेवायचं ते चमच्यानं. दोन दिवस म्हातारी बेचैन. मालनची पाठ वळली की मोरीकडे पळायची, आणि मालन खराटा घेऊन मागे, "आजी, हात वर कर आधी." तिसऱ्या दिवशी तिला चोरासारखी कोपऱ्यात पकडली, तेव्हा तिच्या हातात ओली वाटी सापडली. पाचव्या दिवशी मात्र तिला चव कळली. "मालन, च्यात साखर कमी हाय." "मालन, बोंबील जरा करपलं." गाव गोळा व्हायचं तिचे हात बघायला. महिपत रोज चहाला यायचा आणि विचारायचा, "पचले का गं पैसे मशीनला?" त्याचाही कप मालनलाच घासावा लागायचा. म्हातारीचे कपडे, म्हातारीची भांडी, बघ्यांचे कप, शिवाय चार गावांची फेरी. बाईचं कंबरडं मोडलं.

एकविसाव्या दिवशी, रविवारी, अंगण भरलं. बायजानं अंगठा पदरात गुंडाळून आणला होता, लेकरू आणावं तसा. तो काचेवर ठेवला. मशीन गप्प. कोणीतरी खोकलं, त्याला सगळ्यांनी डोळे वटारले. मग गोड बाई म्हणाली, "व्यवहार यशस्वी."

बायजानं नोटा दोनदा मोजल्या, वास घेतला, पोलक्यात खोचल्या आणि मशीनमधल्या बाईला सांगितलं की हळदीला ये. महिपत अर्धा चहा तसाच टाकून निघून गेला. मालनला इतका आनंद झाला की तिनं पंढरीला मिठी मारली, सगळ्यांच्या देखत, आणि तो बिचारा कंपनीचं कार्ड सावरत उभा राहिला.

सोमवारी गटाचा भरणा. सव्वीसच्या सव्वीस जणी आल्या. बायजा वाकळ गुंडाळत होती, आता ती घरी जाणार होती. मालननं मशीन चालू केलं. ते उघडायला आधी सखीचा स्वतःचा अंगठा लागतो. काल तो तिसऱ्या खेपेला लागला होता, पण त्या गडबडीत तिनं मनावर घेतलं नव्हतं. तिनं तो ठेवला.

"पुन्हा प्रयत्न करा."

तिनं पुन्हा ठेवला, साडीला पुसून ठेवला, डावा ठेवला. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. भांड्यांच्या राखेनं आणि साबणानं अंगठा झिजून गुळगुळीत झाला होता. सव्वीस जणी बघत होत्या आणि फाटकाशी महिपतनं गाडी उभी केली होती. मालन खाली बसली आणि रडली. चार गावांना गप्प करणारी बाई, पण रडली.

बायजानं वाकळ ठेवून दिली. तिचा हात हातात घेतला, आपल्या मऊ अंगठ्यानं तिचा झिजलेला अंगठा चाचपला. "माजा आला तं तुजा गेला गं पोरी," ती म्हणाली. मग बायांकडे वळली. "मी एकवीस दिस थांबलू. तुमी पन थांबा. पैसा कुठं जात नाय." बाया थांबल्या. एकही फाटकाकडे गेली नाही.

पण एकवीस दिवस या घरातली भांडी कोण घासणार, हा सवाल उरलाच. बायजा पदर खोचून मोरीकडे निघाली, आणि अर्ध्या वाटेत थांबली. पंढरी सुट्टी टाकून खाटेवर मोबाइल बघत पडला होता. तिनं त्याचा हात मनगटाला धरून ओढला आणि दारातल्या उन्हात नेला. मालनला म्हणाली, "हा लाव तुज्या मशीनला."

"अगं, याच्या अंगठ्यानं ते उघडत नाही."

"नको उघडू दे. बग तं खरं."

मालननं बघितलं. बायाही पुढे सरकून बघायला लागल्या. अंगठ्यावरची एकूण एक रेष शाबूत, नवी कोरी, एकीला दुसरी चिकटलेली नाही.

"लग्नाला किती वरसं झाली रे तुज्या?" बायजानं विचारलं.

"बावीस," पंढरी म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं. त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या अंगठ्याकडे. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मोरीत जाऊन कढई उचलली.

त्या संध्याकाळी चारही गावांत नवरे कामावरून घरी आले, तेव्हा बायांनी त्यांना दारातच उभं केलं आणि आधी अंगठा दाखवायला सांगितला.