लवंगेच्या पोत्यांवर सासी

योसिनाच्या जिभेला हाड नाही, हे हातुमेतेन गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चर्चच्या गाण्यात तिचा आवाज सगळ्यांच्या वर, आणि भांडणात त्याहूनही वर. म्हणूनच धक्क्यावर सरकारी बोटीचा अधिकारी बोलला तेव्हा बाकीचे माना खाली घालून उभे राहिले आणि ही पुढे झाली.

बोट सरकारने मोठ्या हौसेने सुरू केली होती. ज्या वाटेने पूर्वी इंडोनेशियातल्या या मालुकू बेटांची लवंग जगभर गेली, त्याच वाटेने, अगदी स्वस्त भाड्यात. पण ती तांदूळ-सिमेंट घेऊन भरलेली यायची आणि रिकामी परतायची.

"उसी, आणखी एकदा रिकामी गेली तर बोट तुमचं बेट वगळणार," अधिकारी म्हणाला. इकडे थोरल्या बहिणीला उसी म्हणतात, आणि योसिना अख्ख्या गावाची उसी.

"लवंगेच्या बेटावरून बोट रिकामी जाते, ही आमचीच शोभा," योसिना म्हणाली.

शोभाच होती. फ्रेडेक व्यापारी दर आठवड्याला होडी घेऊन यायचा. कॉफी-साखरेला पैसे हवेत म्हणून जो तो डबाभर लवंग त्याच्या पदरात टाकायचा, तो म्हणेल त्या भावाने. बोट येईपर्यंत घरात उरायचा तो नुसता वास.

योसिना तडक एलिफासकडे गेली. गावची सासी त्याच्या ताब्यात. सासी म्हणजे बंदी: चर्चमध्ये प्रार्थना करून झाडाला कोवळी झावळी बांधली की फळ पिकेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. लावला तर दुखणं मागे लागतं.

"पोत्यांवर सासी घाल. बोट येईपर्यंत."

"डोकं फिरलंय का तुझं? सासी झाडावर असते, समुद्रावर असते. तुझ्या स्वयंपाकघरातल्या पोत्यावर कसली सासी?"

"झाडावरची लवंग देवाची, आणि पोत्यातली काय फ्रेडेकची?"

एलिफास कोवळ्या झावळ्या तोडायला निघाला. रविवारी प्रार्थना झाली आणि घरोघरच्या पोत्यांना झावळ्या बांधल्या गेल्या.

फ्रेडेकने भाव वाढवून पाहिला. कुणी बधलं नाही. पण समुद्र खवळला, बोट लांबली, घराघरातली कॉफी संपली आणि कुरकुर सुरू झाली.

"उसी, तुझी बोट चालत येतेय का गं?" विहिरीवर बायका विचारायच्या.

"पोहत येतेय," योसिना म्हणायची. घरी मात्र ती रात्री उठून उठून समुद्राकडे बघायची. गाव फुटलं की बोट गेलीच.

आणि फुटली कोण, तर एलिफासचीच बायको. डोरकासने गुपचूप डबाभर लवंग फ्रेडेकला विकली आणि संध्याकाळी तिची दाढ ठणकायला लागली, गाल टम्म फुगला. दाढेला हवी लवंग, आणि गावातली लवंग न लवंग सासीत! एलिफासने कपाळावर हात मारला, पण झावळी सोडली नाही. सकाळी डोरकास गाल धरून फ्रेडेकच्या होडीपाशी गेली.

"हे तुझे पैसे. माझा डबा दे."

"चांगला भाव दिला होता, बाई."

"भाव घालतोस दाढेत? डबा दे."

सगळा गाव पोट धरून हसला, आणि आतून टरकला. त्यानंतर कुणी पोत्याला हात लावला नाही.

बोट आली तेव्हा धक्क्यावरच प्रार्थना करून झावळ्या सोडल्या. बायका पोती डोक्यावर घेऊन गात गात निघाल्या. योसिना सगळ्यांना पुढे घालत होती: तू आधी जा, तू आधी. बोट पाण्यात खाली खाली बसत गेली.

शेवटी अधिकारी घाम पुसत तिच्याकडे आला. "उसी, जागाच उरली नाही. तुमची पोती राहिली."

फ्रेडेक तिथेच होता. "बघ, सगळ्यांची गेली, तुझीच राहिली. आता तरी दे मला."

"तुमची पोती पुढच्या खेपेला नेतो," अधिकारी म्हणाला.

"ऐकलंस रे, काय म्हणाला तो?" योसिना फ्रेडेकला म्हणाली. "पुढच्या खेपेला." आणि ती आपल्या पोत्यांवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.