पाउच की स्टँड?

मंडळी, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी स्टुडिओत आमचा फोटो काढला, तेव्हाचा ‘खट्’ अजून कानात आहे. आम्हा दोघांचा तो एकुलता एक फोटो. पुढे कॅमेरा कायम माझ्या हातात राहिला आणि बायको समोर.

आज भाईंदर पश्चिमेला नव्या डिजिटल कॅमेऱ्याचं किट घ्यायला गेलो. दुकानदाराने दोन दाखवली. एकात चामड्याचा पाउच आणि मोठं कार्ड, दुसऱ्यात साधा पाउच, छोटं कार्ड आणि वीतभर उंचीचा तीन पायांचा स्टँड.

“अंकल, लेदरवाला लो. स्टँड कोई नहीं लेता.”

हीसुद्धा म्हणाली, “स्टँड कशाला? कोणीतरी काढेल की आपला.”

“त्या कोणीतरीची वाट बघण्यात अडतीस वर्षं गेली,” मी म्हणालो. मग तिनेच स्टँडचं खोकं उचललं.

घरी टीव्हीवर स्टँड ठेवून टायमर लावला. दहा सेकंद. शाळेतल्या कवितांत नदी, चांदणं, पाखरं सगळं होतं. बायकोशेजारी कसं उभं राहायचं तेवढं नव्हतं. “हलू नका हो,” ती म्हणाली आणि तशीच फोटोत आली, बोलताना. मला फार आवडला.

तुमच्याकडे आहे का हो दोघांचा फोटो? नसेल तर आजच काढा.

हे टाइप करतोय तोवर बेल वाजली. दारात शेजारच्या हंसाबेन. गेल्या वर्षी पती वारल्यापासून त्या कुणाकडेच गेल्या नव्हत्या. आज इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या.

“भाईसाब, भाभी बोली कॅमेरा लाए हो. मेरा भी एक निकालोगे? अकेली का.”